पहिला डीएसएलआर: कॅनन १५००डी घ्यावा की निकॉन डी३५००?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पहिल्या डीएसएलआरची चौकशी सुरू केली की ती फिरून फिरून याच दोन नावांवर येऊन थांबते. दोन्ही २०१८चे. कॅनन १५००डी फेब्रुवारीत जाहीर झाला, निकॉन डी३५०० ऑगस्टमध्ये. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, दोन्हींचा एपीएस-सी आकाराचा, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, स्क्रीन दोन्हींची तीन इंची आणि न फिरणारी. शटर दोन्हींचं १/४००० सेकंदापर्यंत जातं. तेव्हा 'क्वालिटी कुणाची भारी' हा वाद चहाच्या गाड्यावर ठेवावा. निवड ठरते ती लेन्सवर, फ्लॅशवर आणि कॅमेरा नवा मिळतोय की जुना यावर.

आधी एक प्रश्न निकालात काढा

तुमचं निम्म्याहून जास्त काम व्हिडिओचं असेल, म्हणजे रील, मुलाखती, भजनाचं रेकॉर्डिंग, तर हे दोन्ही सोडा. दोन्हींना बाहेरचा माइक लावायचा सॉकेटच नाही. स्क्रीनवर बघून शूट करताना फोकस पुढेमागे चाचपडत राहतो आणि ते चाचपडणं व्हिडिओत उठून दिसतं. अशा कामाला कॅननचा २००डी मार्क टू बरा. त्याला माइकचा सॉकेट आहे, फिरणारी स्क्रीन आहे आणि स्क्रीनवरचा फोकस चटकन बसतो.

फोटोच काढायचे असतील तर पुढे वाचा.

कागदावरचे आकडे हातात घेतल्यावर

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण इथे फरक मोठा आहे. कंपन्यांच्या मोजणीनुसार १५००डी एका चार्जवर ५०० फोटो काढतो आणि डी३५०० तब्बल १५५०. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक संध्याकाळी निघते आणि पहाटेपर्यंत चालते. तिथे निकॉनवाला एका बॅटरीत रात्र काढतो. कॅननवाल्याने खिशात दुसरी एलपी-ई१० बॅटरी ठेवलीच पाहिजे, हा खर्च किमतीत धरूनच तुलना करा.

सलग फोटोंचा वेग निकॉनचा सेकंदाला ५, कॅननचा ३. लेझीम, हलगी, कुस्तीचा फड किंवा बैलगाडी शर्यत टिपायची असेल तर हे दोन फोटो जाणवतात. देवळात, लग्नाच्या मांडवात, शेतात काही फरक पडत नाही. फोकसचे बिंदू निकॉनला ११, कॅननला ९, पण दोन्हींत क्रॉस पद्धतीचा, म्हणजे भरवशाचा, फक्त मधलाच. नवख्याने बाकीचे विसरावेत. मधल्या बिंदूने फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि मग चौकट सरकवायची.

अंधारातला भाग नंतर संगणकावर उजळायचा असेल तर निकॉन स्पष्ट पुढे आहे. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात गाभाऱ्याचा काळा दगड आणि दारातून येणारं ऊन एकाच चौकटीत आलं की उजेड जपून फोटो काढावा लागतो आणि सावली नंतर वर उचलावी लागते. डी३५००ची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलली तरी सावरते. १५००डीच्या सावलीत तेवढ्यात रवा सांडल्यासारखा कण दिसू लागतो. मात्र तुम्ही जेपीईजीच काढणार असाल आणि संगणकाला हात लावणार नसाल तर या फायद्याचा तुम्हाला उपयोग शून्य.

फोनवर फोटो पाठवणं कॅननला सोपं. त्यात वायफाय आहे, पूर्ण आकाराचा फोटो येतो. निकॉनमध्ये फक्त ब्लूटूथ, आणि आपोआप येतो तो २ मेगापिक्सेलचा छोटा फोटो. स्टेटसला पुरतो, छपाईला नाही. त्यावर उपाय सोपा आहे: फोनला लागणारा ओटीजी कार्ड रीडर घ्या. तो वायफायपेक्षाही लवकर काम करतो.

एक गोष्ट गमतीची. डी३५००च्या मेन्यूत भाषा मराठी करता येते, कॅननमध्ये मराठी नाही. पाट्यांवरून इतकं रामायण होणाऱ्या भागात कॅमेऱ्याच्या मागच्या पाटीवर मराठी दिसली की बरं वाटतं. तरी शिकेपर्यंत मेन्यू इंग्रजीतच ठेवा. शिकवणारे सगळे व्हिडिओ इंग्रजी नावांनी बोलतात आणि मराठी मेन्यूत तीच गोष्ट शोधताना दमछाक होते.

हॉट शू नीट बघा

दुकानात कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी पत्र्याची खाच, म्हणजे हॉट शू, असते, तिच्या मधोमध एक गोल टिकली असते. साधे मॅन्युअल फ्लॅश आणि साधे ट्रिगर याच टिकलीतून इशारा घेतात. निकॉन डी३५००ला ती आहे. कॅननने १५००डीतून ती काढून टाकली. त्यामुळे स्टुडिओवाल्या काकांकडचा जुना एक-टिकलीचा फ्लॅश आणून १५००डीवर बसवला तर तो चकार शब्द काढत नाही, आणि नवखा समजतो की फ्लॅश बिघडला. कॅननच्या ई-टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याशी बोलून उजेड आपोआप ठरवणाऱ्या, पद्धतीचा, या मॉडेलवर चालतो असं स्पष्ट लिहिलेला फ्लॅश किंवा ट्रिगर घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो. पुढे लग्नाच्या कामात शिरायचा विचार असेल तर हा मुद्दा बॅटरीपेक्षा मोठा आहे.

याच्या उलट, तारेचा रिमोट लावायचा सॉकेट कॅननला आहे, निकॉनला नाही. गोकाकचा धबधबा किंवा रात्रीचं आकाश टिपणाऱ्याला तो हवासा वाटेल. पण बहुतेक वेळा दोन सेकंदांच्या सेल्फ-टायमरवर काम भागतं.

लेन्स: खरा खर्च इथे आहे

दोन्हींबरोबर १८-५५ची किट लेन्स येते. दिवसा ती उत्तम. रात्री मात्र ५५वर झूम केल्यावर तिचं तोंड एफ/५.६पेक्षा मोठं उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं). गल्लीतल्या दिव्यांत एफ/५.६ आणि १/१२५ सेकंद धरलं की आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४००वर जातो आणि चेहऱ्यावर दाणे दिसतात. एफ/१.८ची लेन्स लावली की जवळजवळ दहापट उजेड आत येतो, तोच फोटो आयएसओ ६४०वर निघतो. म्हणून पहिल्या कॅमेऱ्यात पैसे वाचवायचे ते बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, आणि घालायचे ते दुसऱ्या लेन्समध्ये.

दुसरी लेन्स कुठली? कॅननमध्ये सगळे ५० एमएम एफ/१.८ एसटीएम सुचवतात. स्वस्त आहे, चांगली आहे. पण घेण्याआधी घरची खोली मोजा. उभ्या चौकटीत माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून, म्हणजे साधारण १.९ मीटर उंची बसवायची असेल तर १५००डीवर ५० एमएम लावून सव्वाचार मीटर मागे सरकावं लागतं. दहा बाय बाराची खोली लांबीला ३.६६ मीटर. म्हणजे भिंतीला पाठ टेकवूनही पाय कापले जाणार. निकॉनची ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स लेन्स हेच काम पावणेतीन-तीन मीटरवरून करते, खोलीत बसते, गल्लीतही बसते. बारशाला, वाढदिवसाला, देवघरासमोर ३५च उपयोगी. फक्त चेहरे आणि मागची धूसर पार्श्वभूमी हवी असेल, तेही अंगणात, तर ५०.

कॅननवर घरात मोठ्या तोंडाची लेन्स हवी असेल तर ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम बघा. पापडासारखी चपटी आहे, चौकटीत भरपूर जागा बसवते, पण उजेड एफ/१.८पेक्षा कमी.

आता सापळे. निकॉन डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तरच फोकस आपोआप होतो. जुनी ५० एमएम एफ/१.८डी स्वस्तात मिळते, डी३५००वर बसतेही, पण फोकस हाताने फिरवून करावा लागतो. बाजारात 'निकॉनची ५०' एवढंच सांगून तीच हातावर ठेवतात. नावातलं शेवटचं अक्षर वाचा: जी असेल तर घ्या, डी असेल तर परत करा. कॅननला ही कटकट नाही. ईएफ आणि ईएफ-एस लिहिलेली प्रत्येक ऑटोफोकस लेन्स १५००डीवर चालते. मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स, म्हणजे कॅननच्या आरएफ आणि निकॉनच्या झेड, यांपैकी कुठल्याही बॉडीवर बसत नाहीत.

आणि आकड्यांपलीकडचा एक हिशेब: तुमच्या ओळखीत कुणाकडे काय आहे? मामाकडे, मित्राकडे, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत कॅननच्या लेन्स असतील तर पहिली दोन वर्षं उधारीवर निघतात. हा फायदा कुठल्याही तक्त्यात लिहिलेला नसतो, पण बहुतेकांच्या बाबतीत इथेच निकाल लागायला हवा.

मग कुठला?

निकॉनने डी३५०० बनवणं थांबवलं आहे. त्यामुळे तो आता बहुधा जुनाच मिळणार, आणि 'पेटीबंद नवा' म्हणून कुणी दिला तर बिल आणि वॉरंटी दोनदा तपासा. कमी वापरलेला, खालच्या तपासणीत पास झालेला डी३५०० हाती लागला तर तोच घ्यावा. फोटो काढण्याचं यंत्र म्हणून तो सरस आहे. जुन्या मालाची भीती वाटत असेल, तपासून देणारं कुणी सोबत नसेल किंवा घरच्यांकडे कॅननच्या लेन्स असतील तर १५००डी नवा, बिलासह घ्या. मध्येच अडकून 'थोडा थांबतो, भाव उतरेल' म्हणत दोन गणपती घालवू नका.

खरेदी बेळगावातच करावी असं नाही. कोल्हापूर आणि हुबळी दोन्ही शंभर-एकशे दहा किलोमीटरवर, जाऊन येण्यात एक दिवस जातो. कुठेही घेतला तरी पक्कं बिल हवं, त्यावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर हवा, आणि तो कॅमेऱ्याच्या पोटावरच्या नंबराशी दुकानातच जुळवून बघायला हवा. 'बिलाविना दोन हजार कमी' हा बहुधा परदेशातून आलेला माल असतो, त्याला इथली वॉरंटी नसते. तुमचा स्टुडिओ असेल आणि कर्नाटकातला जीएसटी नंबर असेल तर कोल्हापुरात बिल फाडायच्या आधीच तो सांगा. महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागलेल्या बिलावर कर्नाटकात क्रेडिट मिळत नाही.

जुना कॅमेरा तपासताना

सोबत स्वतःचं कार्ड, फोनचा टॉर्च आणि एक वर्तमानपत्र न्या. दिवसा जा. विकणाऱ्याने घाई केली तर उठून या.

१. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा. निकॉनमध्ये एक फोटो काढा, कार्डावरून फोनमध्ये घ्या आणि एक्झिफ (फोटोबरोबर साठवलेली माहिती) दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडा, आकडा तिथेच लिहिलेला असतो. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका, वाटेत ही माहिती गळून पडते. कॅननच्या १५००डीत हा आकडा फोटोत लिहिला जात नाही, केबलने संगणकाला जोडून खास सॉफ्टवेअरने काढावा लागतो. फाइलच्या नावातल्या नंबरावर विश्वास ठेवू नका, तो ९९९९नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वीस हजारांच्या आत असेल तर उत्तम. सत्तर हजारांच्या वर असेल तर तो लग्नांत घासलेला आहे, किंमत तशी पाडून मागा.

२. सेन्सरवरची धूळ. निकॉनवर ए, कॅननवर एव्ही मोड, त्यात लेन्सचं तोंड आपण ठरवतो. एफ/१६, आयएसओ १००, आणि पांढऱ्या भिंतीचा फोकस नसलेला फोटो. मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत बघा. प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसणारा काळपट ठिपका म्हणजे सेन्सरवरची धूळ. दोन-चार ठिपके ब्लोअरने जातात. तेलकट कडांचे पुष्कळ डाग असतील तर सफाईचा खर्च आला. या दोन्ही मॉडेलांत सेन्सर स्वतःला झटकून घ्यायची सोय नाही, हे लक्षात असू द्या.

३. लेन्समधली बुरशी. हा आपल्याकडचा पहिल्या नंबरचा रोग, खानापूर-जांबोटीकडचा माल असेल तर दुप्पट काळजी. लेन्स बॉडीतून काढा, एका बाजूने टॉर्च तिरका धरा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे कण सुटे सुटे दिसतात, त्यांनी बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, कडेकडून आत पसरणारे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घरच्या लेन्सशेजारी ठेवू नका.

४. फोकस. वर्तमानपत्र टेबलावर सपाट ठेवा, ४५ अंशांतून, तोंड पूर्ण उघडं ठेवून, मधल्या बिंदूने एका ठळक मथळ्यावर फोकस करा. पाच फोटो. मथळ्याऐवजी दर वेळी त्याच्या पुढची किंवा मागची ओळ धारदार येत असेल तर जुळणी हललेली आहे. मेन्यूतून ती दुरुस्त करायची सोय या दोन्हींत नाही, सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

५. उरलेलं. उघडणारा फ्लॅश तीनदा उडवा. बॅटरीचं पोट फुगलेलं नाही ना ते टेबलावर ठेवून बघा, फुगलेली बॅटरी सपाट पृष्ठभागावर डुलते. माउंटच्या, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या, गोल कड्यावरच्या स्क्रूंची डोकी चरे पडलेली असतील तर कॅमेरा आधी कुणीतरी उघडलेला आहे.

पैशांची वाटणी

शंभरातले साठ-पासष्ट रुपये बॉडी आणि किट लेन्सला, वीस-पंचवीस दुसऱ्या लेन्सला, उरलेले कार्ड, बॅटरी, ब्लोअर आणि हवाबंद डब्याला. १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ३२ जीबीची दोन घ्या, एक रुसलं तर दुसरं असतं. बाराशे रुपयांची 'कॅमेरा किट' नावाची पिशवी आणि पाऊण किलोचा डुगडुगणारा ट्रायपॉड दुकानदार गळ्यात मारतो. नको म्हणा.

पहिल्या संध्याकाळची जुळवाजुळव

व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक आधी फिरवा, आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत. चष्मेवाल्यांनी तर हे न चुकता करावं, नाहीतर 'कॅमेरा धूसर दाखवतो' म्हणून दुकानात फेरी पडते. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कार्ड नसताना शटर उडणार नाही अशी सेटिंग मेन्यूत शोधून लावा. कॅननमध्ये कार्डाविना शटर उडवायची सूट सुरुवातीला चालू असते आणि आख्खं बारसं कार्डाविना टिपून होतं.

ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० ठेवा. निकॉनमध्ये तिथेच किमान शटर १/१२५ ठरवता येतं, ते ठरवा. कॅननमध्ये ती सोय नाही, म्हणून हलत्या माणसांसाठी टीव्ही मोड वापरा, त्यात शटरचा वेग आपण ठरवतो. फोकस स्थिर गोष्टींना कॅननवर वन शॉट, निकॉनवर एएफ-एस (हा फोकसचा प्रकार, लेन्सच्या नावातला एएफ-एस वेगळा). पळणाऱ्या पोरांना आणि बैलांना एआय सर्व्हो किंवा एएफ-सी.

ट्रायपॉडवर ठेवताना लेन्सची स्थिरीकरणाची सोय बंद करा. कॅननच्या १८-५५ आयएसवर त्याचं बटण लेन्सच्या अंगावर आहे. निकॉनच्या एएफ-पी १८-५५ व्हीआरवर बटणच नाही, मेन्यूत ऑप्टिकल व्हीआर शोधावा लागतो. गोकाकच्या पाण्याचा पदर मऊ दिसायला पाऊण ते एक सेकंद पुरे, तेही ढगाळ सकाळी. भर दुपारी एफ/२२लाही उजेड आवरत नाही.

रात्रीच्या मिरवणुकीत एम मोड (शटर आणि तोंड दोन्ही आपण ठरवायचं), १/२००, एफ/२, आयएसओ ऑटो. एलईडीच्या माळांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/१००वर उतरवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने बहुतेक पट्टे तिथे जातात. डीजेच्या रंगीत दिव्यांचे सगळेच जातील असं नाही.

भंडारा आणि पाऊस

लक्ष्मीच्या यात्रेत भंडारा उधळला की हळदीची पूड झूमच्या फटीतून आत शिरते आणि पुढे वर्षभर रिंग खरखरते. किट लेन्सच्या तोंडावर यूव्ही फिल्टर लावा: कॅननच्या १८-५५ला ५८ एमएमचा, निकॉनच्या एएफ-पी १८-५५ला ५५ एमएमचा. बॉडीवर पारदर्शक पिशवी चढवून तोंडाशी रबरबँड लावा आणि गर्दीतून बाहेर येईपर्यंत लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. क्रम चुकला तर हळद काचेवर घासली जाते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर नकोच, त्यातून हवेबरोबर तेल आणि पाणी येतं.

जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात, बॅगेत, चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवायचा नाही. दहा-बारा लिटरचा रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, आत दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासमध्ये हवा. साठच्या वर चढू लागला की जेल ओलाव्याने भरलं. नारिंगी जेल भरल्यावर हिरवं होतं, निळं गुलाबी होतं. नारिंगीच घ्या, निळ्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. मंद आचेवर रंग परत येईपर्यंत परता, काचेच्या बंद बरणीत गार होऊ द्या आणि मगच डब्यात ठेवा, गरम जेल ठेवलं तर लेन्सवर वाफ धरते. परतायला जुनी कढई वेगळी काढून ठेवा, ती पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही.